आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट

मी नववीत असताना कुणीतरी माझ्या नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. स्नेहसंमेलनातला माझा फोटो लावला आणि वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज पाठवायला सुरुवात केली. ते मेसेज मीच पाठवते, असं अर्ध्या शाळेला वाटत होतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे फोटो फिरत आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग लागे. खातं चालवणारी एकच होती. मधल्या सुट्टीत डबा उचलून माझ्याजवळून उठून जाणाऱ्या कितीतरी. मला जास्त लागलं ते हेच.

चिडवाचिडवी आमच्याही वेळी होती, असं मोठी माणसं म्हणतात. पण ती शाळा सुटली की थांबायची. ही अंथरुणात शिरल्यावरही चालू असते.

फोन जाईल या धास्तीने मी आईजवळ बोलले नाही. शेवटी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "काहीही डिलीट करू नकोस." खात्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळेसकट मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून आम्ही ते तिच्या फोनवरही ठेवले. मगच ॲपमध्ये बनावट खात्याची तक्रार केली. हा क्रम उलटा झाला तर खातं बंद होतं आणि पोलिसांना दाखवायला हाती काही उरत नाही. अशा तक्रारीवर कारवाई करायला २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते. मोठं कुणी जवळ नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. समोरच्याला उलट शिव्या मात्र लिहू नका. पुढे त्याच तुमच्याविरुद्ध दाखवल्या जातात.

खातं वर्गातल्याच एका मुलीचं निघालं. तीही चौदा वर्षांची. तिला शाळेतून काढावं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिच्याशी कुणीतरी बसून बोलायला हवं होतं, ते शाळेने केलं नाही.

ग्रुपवर असं काही आलं तर पुढे पाठवू नका. ग्रुपवर बोलायचं धाडस नसेल, तर जिच्याबद्दल आलंय तिला वेगळा मेसेज करा, "हे तू केलेलं नाहीस, मला माहीत आहे." आणि आईबाबांनो, काही झालं तरी फोन काढून घेणार नाही, हे मुलांना आजच, काहीही घडलेलं नसताना सांगून ठेवा.