वाड्यापुढें कोणतें ताडवर्गीय झाड लावावें?

शिरूर व दौंड तालुके पर्जन्यछायेंत असून येथें पाऊस सुमारें २० इंच पडतो. तरीहि शोभेकरितां कोंकणांतून सुपारीचीं रोपें आणणारे बागाईतदार आमच्या पाहण्यांत आहेत. सुपारीस दमट हवा व सावली लागते. येथील वैशाखांतील झळांनीं तिचीं पानें करपतात व खर्च वायां जातो. नारळ इतका नाजूक नाहीं. मुठेच्या कालव्याचें किंवा भीमा-घोडीचें पाणी ज्यांस बारमाही मिळतें, त्यांनीं तो अवश्य लावावा; मात्र निचरा नसलेली चोपण जमीन टाळावी. इतरांनीं ओढ्याकांठची शिंदीच पसंत करावी. केरसुणीचें झाड म्हणून लोक तिला हिणवितात, हें आम्हांस पटत नाहीं. कडक ऊन व पाण्याची तूट ती सहज सोसते.

जोपासनेंत मुख्य गोष्ट शेंड्याची. या झाडांच्या खोडास वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला कीं झाड गेलें. गेंड्या भुंगा उकिरड्यांत वाढतो व रात्रीं कोंब पोखरतो. यास्तव उकिरडा झाडांपासून लांब असावा, आणि शेंड्यांत भोंक दिसतांच तारेच्या आंकड्यानें भुंगा ओढून काढावा. खोडावर कुऱ्हाडीचा घाव घालूं नये. आंबा-निंबाप्रमाणें तो भरून येत नाहीं, व तेथूनच सोंड्या भुंगा आंत शिरतो. पानें छाटणें तीं पूर्ण वाळल्यावरच.