यादीत नाव घालण्याआधी

मी पोखर्णीत आशाचं काम करते. नव्यानं रुजू झालेल्या बाया विचारतात, मनाच्या आजाराचं कसं हाताळायचं? मी म्हणते, प्रश्न विचारायची घाई करू नका.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक संस्था आमच्याकडं आली होती. नाव सांगत नाही. बायकांना अंगणवाडीत, गड्यांना पारावर बसवून फॉर्म भरून घेतले. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का, सगळं चारचौघांसमोर. एक बाई खरं बोलली : "काईच गोड लागंना, ताई." फॉर्मवर खूण झाली, गाडी परभणीकडं गेली आणि परत कुणी फिरकलं नाही. गल्लीला मात्र सगळं कळलं. घरात दिराची सोयरीक चालू होती. सासूनं हिचं बाहेर बसणं-उठणंच बंद केलं. नंतर मी लेकराच्या लसीचं निमित्त काढून गेले, तर बाई हसून म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तिचं तोंड पुन्हा उघडायला पुढचा खरीप उजाडला.

म्हणून आधी पुढची सोय बघायची. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, गोळ्या तिथंच मिळतात का, सोबत कोण जाईल, एका दिवसाची मजुरी बुडाली तर घर कसं चालेल. हे ठरल्याशिवाय यादीत नाव घालू नका. देशात लाख माणसांमागं एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, आणि आहेत ते बहुतेक शहरांत. डॉक्टरांची भेट महिन्याकाठी एकदा झाली तरी खूप. मधले दिवस गावातल्याच कुणीतरी सांभाळायचे असतात.

ते जमतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्या वर डॉक्टर अशी साखळी लावली. नैराश्य असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घ्यायचे. दीड वर्षानं सत्तावीस घेऊ लागले. यात माझ्या मते साखळी महत्त्वाची. खालची कडी एकटीच लोंबकळत ठेवली की आमच्या गावात झालं तेच होतं.

बोलायचं ते घरी, एकटं गाठून, कामाच्या ओघात. फॉर्म नंतर भरा. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा आणि डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो मालकाच्या खिशात, तिथं बाईला आपला फोन द्या आणि जरा लांब जाऊन बसा.

आमचं गाव नृसिंहाचं. आजारी माणसाला लोक आधी देवाच्या पायरीवर नेतात, काही जण देवऋषीकडंही. मी भांडत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यातच डॉक्टर बसवून 'दवा और दुआ' चालवलं गेलं, तसंच मी सांगते : दर्शन घ्या, गोळीही घ्या. साखळीनं बांधणं, उपाशी ठेवणं दिसलं की मात्र गप्प बसत नाही.

गोळ्यांचं एक पक्कं सांगा : नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून आणि तिसऱ्या महिन्यात "बरं वाटतंय" म्हणून लोक गोळी सोडतात. दोन्ही वेळा घरी जायला हवं.

आता आपलं. ही दुखणी ऐकून रात्री मलाच झोप येत नाही. गोव्यात 'संगत' संस्थेचे साधे समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांचं काम तपासत. आम्ही शेजारच्या गावांतल्या आशा तेवढं जमवू शकत नाही, पण मासिक बैठकीनंतर तासभर थांबतो, नावं न घेता बोलतो. आणि आशाला कामागणिकही मोबदला मिळतो. लसीकरणाचा आहे, बाळंतपणाचा आहे. कुणाच्या ओट्यावर तासभर बसून ऐकल्याचाही दर लावून घ्या, आणि तो कागदावर आल्याशिवाय नवं रजिस्टर हातात घेऊ नका.