जिभेला चव कशी कळते?

डोळे व कान यांविषयी आपण बरेच वाचतो. जिभेकडे मात्र आपले लक्ष ताप येऊन तोंडाची चव गेली म्हणजेच जाते. म्हणून या पाठात आपण जिभेची ओळख करून घेऊ.

जीभ स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा व तिच्यावर साखरेचे दाणे ठेवा. लाळ सुटेपर्यंत गोडी लागणार नाही. पदार्थ विरघळणे ही चवीची पहिली अट आहे. पाण्याची चवही त्यात विरघळलेल्या क्षारांमुळेच येते. विरघळलेला पदार्थ जिभेवरील रुचिकलिकांपर्यंत पोचतो. एका कलिकेत सुमारे ५० ते १०० पेशी असतात. त्या पदार्थ ओळखतात आणि मज्जातंतू तो निरोप मेंदूला पोचवितात.

गोड, आंबट, खारट, कडू व उमामी या पाच मूळ चवी होत. उमामी ही मांस-मासळीच्या रश्शातील रुचकर चव. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती १९०८ साली ओळखली. तिखटपणा ही चव नसून दाह आहे. पक्ष्यांना तो जाणवत नाही, म्हणून पोपट मिरची खुशाल खातो. शेंड्याला गोड व मागे कडू कळते, असा जिभेचा नकाशा जुन्या पुस्तकांत असे. तो चुकीचा ठरला आहे. रुचिकलिका असलेल्या प्रत्येक भागाला पाचही चवी कळतात.

मासा असो वा माणूस, बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांत रुचिकलिका असतात. फरक पडतो तो गरजेप्रमाणे. आपल्या वीर-महाड भागात सर्वांच्या परिचयाच्या शिंगाळा माशाच्या मिशांवरही त्या असतात, म्हणून गढूळ पाण्यात त्याला अन्न सापडते. मांसाहारी मांजराला गोड कळत नाही. त्यासाठी लागणारे जनुक तिच्यात निकामी असल्याचे २००५ साली दिसून आले. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, त्यामुळे कडू चव म्हणजे जणू पहारेकरीच.

गाईची व माणसाची रुचिकलिका मुळात एकाच घडणीची. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना पाणी पिता येई आणि अस्पृश्य ठरविलेल्या माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. जीभ गोड-कडू ओळखते, जात ओळखत नाही. विज्ञानाचा हा साधा धडा आपण प्रत्येकाने आपल्या मुलांना शिकवावा.