आई-वडील परभणीत असताना : घरच्या रुग्णसेवेची निवड

घरी चालणाऱ्या रुग्णसेवेत चार वेगवेगळी कामे असतात. डॉक्टरांनी घरी येऊन तपासणे हे एक. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, नळ्या बदलणे हे परिचारिकेचे दुसरे. फिजिओथेरपिस्टने करून घ्यायचे व्यायाम हे तिसरे. आणि अंघोळ, खाणेपिणे, कूस बदलणे, मलमूत्र, रात्रीची जाग ही शुश्रूषा म्हणजे चौथे काम, सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे. मुंबई-पुण्यात ही चारही कामे एकाच कंपनीकडून मिळू शकतात. परभणी जिल्ह्यात बहुतेक वेळा एकेक माणूस वेगळा गाठून ती जुळवावी लागतात. त्यामुळे परदेशात स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने आलेल्यांना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की एजन्सीचा शोध दुसऱ्या दिवशी सुरू केला तरी चालेल, पण गावात जबाबदारी घेणारा एक माणूस पहिल्याच दिवशी ठरवावा. तो चुलतभाऊ असेल, वडिलांसोबत निवृत्त झालेले शिक्षक असतील, शेजारच्या काकू असतील. मात्र माणूस एकच असावा. तिघांवर मिळून टाकलेली जबाबदारी वेळेला कोणाचीच राहत नाही.

आई-वडील जिल्ह्यात नेमके कुठे राहतात यावर पुढचे बरेच काही ठरते. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यावर परभणी जिल्ह्यात नऊ तालुके उरले. तज्ज्ञ डॉक्टर मुख्यतः परभणी शहरात आहेत. जिल्हा रुग्णालय तिथेच आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. त्यापलीकडच्या उपचारांसाठी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरचे नांदेड किंवा दोनशे किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणीच चाळीसेक किलोमीटर पडते, आणि आडगावात रोज संध्याकाळी इंजेक्शन द्यायला शहरातून नर्स येईल ही आशा धरण्यात अर्थ नाही. रुग्णाला केवळ शुश्रूषेची गरज असेल तर त्याला त्याच्या घरातून, त्याच्या ओसरीवरून हलवू नये. माणसे ओळखीची असतात, हाक मारली की कोणीतरी येते. पण रोज नर्सचे हात लागणार असतील तर काही महिन्यांपुरते परभणीत तळमजल्याचे घर भाड्याने घेणे शहाणपणाचे. हा निर्णय व्हिडिओ कॉलवर लादू नये. ज्याचे आजारपण आहे त्याला, बोलता येत असेल तोवर, आधी विचारावे.

गरज ठरवण्याचे साधन म्हणजे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसून ओळीने वाचून घ्यावे आणि प्रत्येक सूचनेपुढे हे काम कोण करणार ते लिहावे. शिरेतून द्यायचे औषध, नाकातून पोटात जाणारी नळी बसवणे, लघवीची नळी बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे नोंदणीकृत परिचारिकेचीच. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या व्यक्तीकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र असते. ते पाहावे, त्याचे नूतनीकरण झाले आहे का तेही पाहावे, आणि प्रमाणपत्रावरचा फोटो समोरच्या व्यक्तीचाच आहे याची खात्री करावी. तसे विचारल्याने खरी सिस्टर कधी रागावत नाही.

मराठवाड्यात घरी येऊन इंजेक्शन देणारे कंपाउंडर ही जुनी सोय आहे. वर्षानुवर्षे दवाखान्यात काम केल्याने त्यांचा हात हलका असतो, घरोबा असतो, रात्री-अपरात्री ते येतात. त्यांचा हा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण प्रतिजैविकाचा डोस शिरेतून देताना रुग्णाला काही मिनिटांत तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि त्या वेळी काय करायचे याचे शिक्षण अनुभवातून मिळत नाही. म्हणून असे औषध घरी द्यायचे तर परिचारिकाच हवी, आणि कोणत्याही नव्या औषधाचा पहिला डोस रुग्णालयातच घ्यावा.

शुश्रूषेसाठी येणाऱ्या मावशी (पुरुष रुग्णासाठी बहुधा वॉर्डबॉय किंवा मामा) खासगी रुग्णालयांतल्या सिस्टरांच्या ओळखीतून मिळतात. काही एजन्सीही माणसे पुरवतात. कुठूनही आल्या तरी त्यांची पारख कागदावर होत नाही. पहिल्या दिवशी गावातल्या जबाबदार माणसाने समोर उभे राहून एकच काम करायला सांगावे: रुग्णाची कूस बदलणे. जाणत्या मावशी आधी रुग्णाला सांगतात की आता वळवणार आहे. मग पलीकडचा गुडघा वाकवतात, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून अख्खे शरीर एकदम स्वतःकडे वळवतात, पाठीमागे उशी लावतात, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवतात आणि टाचा गादीवर टेकू देत नाहीत. जाता जाता माकडहाड, कंबरेची हाडे आणि टाचा लाल झाल्यात का तेही बघून घेतात. ज्या नुसते दंडाला धरून ओढतात त्यांना शिकवावे लागेल, आणि शिकण्याची तयारी नसेल तर दुसऱ्या शोधाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही तर बेडसोर होतात. एकदा ते खोल गेले की महिनोन्महिने भरत नाहीत. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच करून रुग्णाला अर्धवट बसते केले आहे का आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तसेच ठेवले आहे का, ही दुसरी परीक्षा. आडवे ठेवून भरवलेले पेज-पाणी फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो.

चोवीस तासांची एकच मावशी ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. दिवसभर उचलाउचल केलेली बाई रात्री दर दोन तासांनी उठू शकत नाही. ती झोपणारच, आणि त्यात तिचा दोष नाही. रात्रीची जाग खरोखर लागणार असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावाव्यात. तेवढे परवडत नसेल तर रात्रीचे काम घरातले कोण करणार हे उघड बोलून ठरवावे. तसे न बोलता ते गुपचूप घरातल्या सुनेवर किंवा वृद्ध पत्नीवर येऊन पडते. परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांना हा भार दिसत नाही, आणि घरातले सांगत नाहीत. सत्तरीतली आई सत्तरीपारच्या वडिलांना उचलू लागली की लवकरच एकाऐवजी दोघे अंथरुणावर असतात.

पगार, जेवण, साप्ताहिक सुट्टी, खाडा झाल्यास बदली कोण पाठवणार आणि किती तासांत, ही बोलणी कामाच्या आधी व्हावीत आणि साध्या कागदावर लिहावीत. मावशींनी रुग्णाचे कपडे-भांडी करायची की घरादाराची, हेही त्यातच यावे. निम्मी भांडणे तिथूनच निघतात. एजन्सी असेल तर तिचा वाटा किती आणि मावशींच्या हातात किती पडते ते विचारावे, कारण फार कमी पडत असेल तर माणसे टिकत नाहीत. कित्येक महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नयेत. दिवाळीआधी उचल मागितली जाते. ती थोडी द्यावी आणि वहीत मांडावी. ओळखपत्राची प्रत ठेवून पोलीस पडताळणी करून घेण्यात अपमान नाही, पण तिचे कारण नीट समजावून सांगावे.

शेतीचे दिवस या हिशेबात धरावे लागतात. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की खेड्यातून येणाऱ्या बायकांना शेतात रोजगार असतो. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळासाठी बदली माणूस भाद्रपदातच बोलून ठेवावा. याच ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. मावशी कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या ही चौकशी अजूनही केली जाते, आणि तिच्यापायी उत्तम हाताची माणसे दारातून परत जातात. ज्या हातांनी आईची पाठ पुसायची आहे, त्यांची स्वच्छता आणि माया तेवढी पाहावी.

उपकरणे निवडताना परभणीचा उन्हाळा आणि वीज या दोन्हींचा विचार आधी करावा. फावलर कॉट, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन भाड्याने मिळतात. आजारपण किती चालेल हे कळेपर्यंत विकत घेऊ नयेत. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण साडेतीनशे वॅट वीज लागते. घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी त्यावर जेमतेम तीन-चार तास टिकते, तीही नवी असेल तर. म्हणून भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो लावता येणारा माणूस घरात हवाच. एअर बेडचा पंपही विजेवर चालतो. वीज गेली की गादी हळूहळू बसते आणि रुग्ण कडक पृष्ठभागावर येतो, म्हणून खाली साधी जाड गादी ठेवावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालते, पण तापमान तिशीच्या आत असेल तर. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तीही फ्रीजमध्येच ठेवावी. फ्रीज नसेल किंवा वीज दीर्घकाळ जात असेल तर ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके पुष्कळ उपयोगी पडते.

दूर बसून लक्ष ठेवण्यासाठी साधी वही सर्वांत भरवशाची ठरते. तारीख, वेळ, काय खाल्ले, लघवी किती झाली, ताप, रक्तदाब, साखर, कोणती गोळी दिली, कूस कधी बदलली आणि कोणी लिहिले, एवढे रकाने पुरतात. रात्री त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यावा. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर विचारपूस करावी. खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर रुग्ण आणि मावशी दोघांनाही सांगून लावावा, आणि अंघोळ घालताना, कपडे बदलताना तो बंद राहील याची सोय असावी. पैशांच्या बाबतीत आता बरीच सोपी वाट आहे. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतले मोबाइल क्रमांक एनआरई किंवा एनआरओ खात्याशी जोडून यूपीआयने पैसे देता येतात. मावशींचा पगार आणि मेडिकलचे बिल थेट त्यांच्या खात्यावर गेले की मधल्या माणसावरचा हिशेबाचा बोजा आणि संशय दोन्ही टळतात.

अडीअडचणीच्या वेळेची तयारी वेगळी करावी लागते. १०८ ही राज्याची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, पण हा क्रमांक परदेशातून लावून उपयोग नाही. तो घरातल्याच माणसाला लावावा लागतो. म्हणून खाटेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८, डॉक्टरांचा, जबाबदार माणसाचा आणि एका खासगी रुग्णवाहिकेचा क्रमांक, तसेच घराच्या पत्त्याची खूण लिहिलेला कागद चिकटवावा. घाबरलेल्या मावशींना पत्ता सांगता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पण ती सल्ला आणि मदतीसाठी, तातडीच्या उपचारांसाठी नव्हे. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवण्यास २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट मान्यता दिली आहे. मात्र परदेशात डॉक्टर असलेल्या मुलाने लिहिलेली चिठ्ठी, भारतात नोंदणी नसेल तर, परभणीच्या मेडिकलमध्ये चालत नाही आणि चालवूही नये. उपचाराचा शब्द एकाच स्थानिक डॉक्टरांचा असावा. परदेशातल्या मुलाने त्यांच्याशी बोलावे, त्यांना डावलून मावशींना सूचना देऊ नयेत.

कॅन्सरच्या रुग्णाच्या वेदनांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळतात. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जिथे उपचार झाले तिथे, दुखणे वाढण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी.

विम्यातून आणि सरकारी योजनांतून काय मिळते याबद्दल गैरसमज फार आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मावशींचा पगार, डायपर, भाड्याची कॉट यांतले काहीही त्यात बसत नाही. खासगी विम्यातली ‘डोमिसिलिअरी’ तरतूद रुग्णाला हलवणे अशक्य असल्याने किंवा रुग्णालयात खाट नसल्याने घरी घेतलेल्या उपचारांपुरती असते. शुश्रूषेचा खर्च खिशातून करावा लागतो हे धरूनच महिन्याचा अंदाज बांधावा, आणि भावंडे अनेक असतील तर वाटा सुरुवातीलाच ठरवावा. जो भाऊ किंवा बहीण गावात राहून हे सगळे करते, तिच्या कष्टांचा हिशेब त्या वाट्यात आधी धरावा.

सेवा थांबते तेव्हाही काही कामे उरतात. रुग्ण बरा झाला तर नर्स आणि मावशी एकदम बंद न करता आधी रात्रपाळी, मग दिवसाचे तास कमी करावेत. पहिल्या काही आठवड्यांत पडझडीचा धोका असतो. घरी मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र उपचार करणारे डॉक्टर देतात. त्यांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेले असावे लागते, म्हणून प्रकृती स्थिर वाटली तरी त्यांच्या घरभेटी चालू ठेवाव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे करावी. परदेशातली बँक, विमा आणि नोकरीतली रजा या सगळ्यांना हा दाखला लागतो, तेव्हा त्याच्या जास्तीच्या प्रती तिथेच काढून घ्याव्यात. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात भरून रुग्णालयाकडे सोपवाव्यात, सिलिंडर आणि कॉटची अनामत पावती दाखवून परत घ्यावी, आणि मावशींचा राहिलेला पगार त्याच आठवड्यात चुकता करावा.