सवाईला जाताना गाडीचं काय करशील?

यंदा सवाईला तू स्वतः गाडी चालवत जाणार आहेस, आजी-आजोबांनाही नेणार आहेस, म्हणून आत्याचं थोडं ऐकून ठेव. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा संगीत महोत्सव. तिथे पहिल्या सुराला जागेवर असायचं, तर गाडीचा विचार घरातून निघायच्या आधीच व्हायला हवा.

गाडी न्यायलाच हवी का, हे आधी ठरव. एकटी असशील तेव्हा सरळ मेट्रोने स्वारगेटला उतर. तिथून मुकुंदनगर, म्हणजे महोत्सवाची जागा, जवळ आहे, रिक्षा कर नाहीतर चालत जा. परतीची शेवटची मेट्रो कितीची, ते मात्र त्याच दिवशी बघून ठेव. आजी-आजोबांसाठी गाडी लागणार असेल, तर तीत चौघं तरी बसव. शेजारच्या काकूंना विचार, त्यांनाही सोबत होईल.

कार्यक्रम दुपारीच सुरू होतो. तेव्हा पोचलीस तर जागा मिळते. खरी कोंडी होते ती संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर. ती वेळ टाळ. आजी-आजोबांना फाटकापाशी उतरव, सोबत एकाला दे. तो त्यांना खुर्चीवर बसवेल, तोवर तू शांतपणे गाडी लाव. म्हाताऱ्या माणसांना गल्ल्यांतून चालवू नकोस.

फाटकाला खेटून जागा शोधत घिरट्या घालू नकोस. दोन-तीन गल्ल्या लांब लावलेली गाडी परतताना सगळ्यात आधी सुटते. वाहनतळावर गेलीस तर गाडी तोंड बाहेर करून लाव, पावती पर्समध्ये जपून ठेव. दुचाकी असेल तर डबल स्टँडवर लाव, शेजारच्याला जागा राहते.

रस्त्यावर लावताना पाटी वाच. पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांचा हिशेब. शनिवारी बहुधा बारापर्यंत गाणं चालतं, आणि बारा वाजता तारीख बदलते, हे विसरू नकोस. बसथांबा, रिक्षा स्टँड, पदपथ, चौकाचा कोपरा इथे पाच मिनिटांसाठीही गाडी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणाच्याही सोसायटीच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही. काचेवर फोन नंबर लिहून ‘लागलं तर फोन करा, काढतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण मंडपात आपण फोन बंद ठेवतो, निदान ठेवायला हवा. मग तो नंबर काय कामाचा? रात्री आतल्या घरात कुणाला छातीत दुखायला लागलं, तर त्यांची गाडी बाहेर कशी निघायची? त्या भागातली माणसं पाच दिवस गर्दी, गोंगाट, वाहतूक सगळं सोसतात. त्यांनी सोसलं म्हणून आपल्याला मंडपात बसून गाणं ऐकायला मिळतं. त्यांना गाण्याचा वैताग येईल असं आपल्या हातून काही होता कामा नये. जागा नाहीच मिळाली, तर आणखी लांब जा. एखादा ख्याल हुकला तरी चालेल.

गाडी लावलीस की खूण लक्षात ठेव. दुकानाची पाटी नको, दुकान रात्री बंद होतं आणि दिवेही जातात. विजेची डीपी, मोठं झाड, सोसायटीचं नाव अशी खूण धर. मोबाइलवर फोटो काढ आणि ठिकाण आजोबांनाही सांगून ठेव.

गाडी उचलून नेलीच, तर घाबरू नकोस. आधी आजी-आजोबांना रिक्षाने घरी पाठव, मग जवळच्या वाहतूक पोलीस चौकीत चौकशी कर. परवाना आणि गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. दंड भर, पावती घे, वाद घालू नकोस.

निघायचं असेल तर दोन कलाकारांच्या मध्ये ऊठ, आलाप चालू असताना नाही. आणि शेवटच्या दिवशी गाडी काढायच्या घाईत आधी उठूच नकोस. समारोपाला सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी वाजवतात. नेमकी तेव्हा माणसं चपला शोधत असतात, याचं मला फार वाईट वाटतं. तू बसून ऐक. नंतर गर्दी ओसरेपर्यंत आजीला चहा पाज. पंधरा-वीस मिनिटांत रस्ता मोकळा होतो. मग गाडी फाटकाशी आण, त्यांना बसव आणि हॉर्न न वाजवता नीघ. आसपासची घरं झोपलेली असतात.