चित्तोद्वेग : दैनंदिन ताणाच्या रुग्णाचा विचार

‘मला चिंता आहे’ अशी तक्रार घेऊन रुग्ण आपल्या चिकित्सालयात क्वचितच येतो. तो येतो ते आंबट ढेकरा, छातीत धडधड, डोके जड होणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन. आपण दोष पाहतो, अग्नी पाहतो, औषध देतो. आठ दिवस बरे वाटते आणि रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो. अशा वेळी व्याधीचे मूळ मनात असेल, हा विचार आपण किती वेळा करतो? व्यवहारात उपयोगी पडेल इतपत त्याचा ऊहापोह येथे करावयाचा आहे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी रज व तम हे मानस दोष सांगितले असून विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात मानस विकारांच्या गणनेत शोक, भय यांच्यासमवेत चित्तोद्वेगाचा उल्लेख केला आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात अस्वप्न, विषाद व अनवस्थितचित्तत्व हे वाताच्या नानात्मज विकारांत येतात. त्यामुळे मनाचा क्षोभ व वातप्रकोप यांचे नाते वेगळे सिद्ध करावयास नको.

चिकित्सकाच्या दृष्टीने आणखी दोन स्थळे महत्त्वाची आहेत. अतिचिंतनाने रसवह स्रोतसाची दुष्टी होते, हे एक. चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण असता मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे दुसरे. मनापासून अग्नीपर्यंतचा मार्ग आचार्यांनी असा स्पष्ट दाखविला आहे.

आधुनिक शास्त्रात हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीराकडून मिळणाऱ्या समान प्रतिसादाचे वर्णन केले. संकटप्रसंगी ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल वाढतात, नाडी जलद होते, स्नायू ताठतात. हा प्रतिसाद स्वभावतः हितकर आहे. परीक्षेपूर्वीची धाकधूक हा व्याधी नव्हे. मात्र कारण सरल्यावरही प्रतिसाद ओसरत नसेल आणि झोप, आहार व कामकाज बिघडत असेल, तर तो चिकित्सेचा विषय होतो.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी साखर कारखान्यातील एक लिपिक, वय ४६, अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी आमच्याकडे येत असत. अविपत्तिकर चूर्ण, कामदुधा, पथ्य असे सारे तीन महिने झाले. उपशय मिळे, पण टिकत नसे. चौथ्या खेपेस पत्नी सोबत आल्या. त्यांनी सांगितले, “हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात. दिवसाला दहा-बारा कप चहा होतो.” मुलीच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि रखडलेला पगार यांविषयी आम्ही तोवर एकदाही विचारले नव्हते.

निद्रानाश व किंचित वाढलेला रक्तदाब पाहून आम्ही सर्पगंधा घनवटी लिहावयास घेतली. लेखणी कागदावर असताना सहज विचारले, “जगणे नकोसे वाटते का?” ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, “वैद्यराज, रोज वाटते. घरी बोललो नाही.” पत्नींना हे प्रथमच कळत होते.

ती वटी आम्ही लिहिली नाही. त्याच दिवशी त्यांना पत्नीसमवेत मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांच्या औषधांसोबत आहार, निद्रा व दिनचर्येची बाजू आम्ही सांभाळली. चार महिन्यांनी ते नियमित कामावर जाऊ लागले. पहिल्या तीन महिन्यांतील आमची चूक मात्र आम्ही विसरलेलो नाही. आम्ही अम्लपित्त पाहिले, मनुष्य पाहिला नाही.

सर्पगंधेविषयी येथेच सांगणे युक्त. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला व ती जगभर पोहोचली. तिच्यातील रिसर्पिन विषाद निर्माण करू शकते वा वाढवू शकते. म्हणून निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णास ती देणे धोक्याचे. विषादाचा रुग्ण तिच्यासाठी सर्वथा अयोग्य होय.

चिकित्सा

१. निदान परिवर्जन : चहा-कॉफी क्रमाक्रमाने दोन कपांवर आणावी व दुपारनंतर वर्ज्य करावी. रात्रीचे जेवण लवकर व हलके असावे. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. मद्याने झोप येते हा भ्रम आहे. उत्तररात्री ती मोडते.

२. सत्त्वावजय : अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही याची चरकोक्त व्याख्या. ‘चिंता करू नका’ असे म्हणणे म्हणजे सत्त्वावजय नव्हे. आम्ही रुग्णास एक वही ठेवावयास सांगतो. सायंकाळी पंधरा मिनिटे बसून चिंता लिहावयाच्या. आपल्या हातातल्या एका बाजूस, हाताबाहेरच्या दुसऱ्या बाजूस. हातातल्यांपैकी एकीसाठी उद्याचे एक लहान काम ठरवावयाचे. वरील रुग्णाचे पहिले काम होते बँकेत जाऊन हप्ते लांबविण्याविषयी विचारणे.

३. श्वसन : चार अंक मोजेपर्यंत श्वास, सहा अंक मोजेपर्यंत उच्छ्वास, असे सकाळ-सायंकाळ दहा मिनिटे. दीर्घ उच्छ्वासाने नाडीची गती मंदावते. कुंभक करू नये.

४. बाह्योपचार : रात्री तिळतेलाने पादाभ्यंग, अथवा काशाच्या वाटीने तळपाय घासणे. घरच्या माणसाने केल्यास दुहेरी लाभ होतो. सोय असल्यास शिरोधारा.

५. औषधी : वातप्रधान, कृश रुग्णास अश्वगंधा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधातून, अनिद्रेत जटामांसी चूर्ण २ ते ३ ग्रॅम. गर्भिणी, थायरॉईडची अथवा झोपेची औषधे घेणारे आणि यकृतविकारी यांना अश्वगंधा टाळावी.

सावधगिरी

धडधड, कंप व वजन घटणे हे थायरॉईडच्या आधिक्यानेही होते. पांडुरोगातही धडधड होते. म्हणून हिमोग्लोबिन, टी.एस.एच. व रक्तशर्करा तपासावी. श्रमाने छातीत दुखत असेल तर त्यास ‘ताण’ म्हणून परत पाठवू नये. चालू असलेली मनोविकारांची औषधे आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद करवू नयेत.

आत्मघाताचा विचार विचारल्याने तो मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने रुग्णास बोलण्याची वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णास एकटे न सोडता तज्ज्ञांकडे सुपूर्द करावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो चिकित्सालयात ठळकपणे लावावा.

उपसंहार

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नास आपण सर्वांत कमी वेळ देतो. आम्ही आता प्रत्येक जीर्ण रुग्णास दोन प्रश्न विचारतो : झोप कशी लागते, आणि मनावर कशाचे ओझे आहे? याला पाच मिनिटे अधिक लागतात. वैद्यबंधूंनी व भगिनींनी हा परिपाठ ठेवावा, अशी विनंती आहे.