अगस्ती का थरथरतो?

माघ महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास वसईच्या किल्ल्याजवळ खाडीकडे तोंड करून उभे राहा. दक्षिणेला एक ठळक तारा दिसेल. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा. क्षितिजापासून दोन मुठी वर तो असतो. हाच अगस्ती. तो सारखा थरथरतो. कधी तांबूस होतो, कधी निळसर. बघणाऱ्याला वाटते, दिव्यातले तेल संपत आले की काय!

तसे काही नाही. अगस्तीचा उजेड इथवर यायला सुमारे ३१० वर्षे लागतात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, त्याच्याही आधी हा उजेड तिथून निघाला. सारी वाट तो सरळ आला. थरथर लागली ती अगदी शेवटी, आपल्या हवेत शिरल्यावर. तीही पापणी लवायच्या आत.

हवा उजेडाला कशी हलवील? आम्ही हे फळ्यावर पुष्कळ शिकवले, पण चुलीवरचा तवा दाखविला की लवकर पटते. तापल्या तव्यावरून पलीकडे बघा. भिंत हलताना दिसते. भिंत कुठली हलणार? हलते ती हवा. गरम हवा विरळ, गार हवा दाट. एकीतून दुसरीत जाताना उजेड किंचित वाकतो. आकाशात अशी गरम-गार हवा वाऱ्याबरोबर सारखी सरकत असते. म्हणून ताऱ्याचा उजेड डोळ्यात कधी जास्त पडतो, कधी कमी. तांबडा आणि निळा उजेड सारखे वाकत नाहीत, म्हणून रंग खेळतात.

डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड उभा खाली येतो. अगस्तीचा तिरका येतो. त्याला तिप्पट हवा कापावी लागते. वरचा व्याध त्याच्याहून तेजस्वी, पण थरथर कमी.

शुक्र आणि गुरू मात्र शांत दिसतात. ते ग्रह, आपल्या जवळचे. तारा म्हणजे नुसते टिंब. ग्रह ही बारीक चकती. चकतीच्या एका कडेचा उजेड घटला तर दुसरीचा वाढतो, बेरीज तीच राहते.

ही हवा शास्त्रज्ञांना फार नडते. म्हणून पुणे जिल्ह्यात गिरवलीला २००६ साली दुर्बीण उभारली ती सुमारे १००० मीटर उंचीवर, शहराच्या दिव्यांपासून दूर. अमेरिकेने तर १९९० साली हबल नावाची दुर्बीण हवेच्या वरच नेऊन ठेवली.

आपल्याकडे आता नालासोपारा-विरारच्या दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर पसरतो आणि बारीक तारे त्यात बुडतात. अगस्ती अजून दिसतो. पण वैशाखात तो दिवेलागणीनंतर लगेच मावळतो, तेव्हा माघातच बघून घ्या.